स्नेह्याची श्रद्धा आणि स्नेह्याचें आचरण

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, रत्नागिरी जिल्ह्यांत, लांजा हें तालुक्याचें गांव आहे. अशा गांवांत कोणाचें कांहीं झांकून राहत नाहीं. काल कोणाच्या घरीं भांडण झालें, कोण रात्रीं उशिरा झुलत परतला, वाण्याकडे कोणाची उधारी किती साठली, हें सकाळचा चहा होण्यापूर्वीं आळींत सर्वांना ठाऊक असतें. त्यांतून तो मनुष्य नेमानें देवधर्म करणारा असला तर बोलणाऱ्यांच्या जिभेला आणखी धार येते. आणि ज्या समाजाचीं घरें आजूबाजूला थोडीं, अशा समाजांतला तो असला, समजा ख्रिस्ती असला, तर एका माणसाच्या चुकीचा बोल साऱ्या धर्माला लागतो. "रविवारीं प्रार्थना आणि सोमवारीं हें!" एवढें एकच वाक्य पुरतें.

या वाक्यांत एक लबाडी आहे. आपल्या धर्माची पारख करतांना मनुष्य ज्ञानेश्वर-तुकारामांकडे बोट दाखवितो. दुसऱ्याच्या धर्माची पारख करतांना मात्र तो गल्लींतल्या दारुड्याकडे पाहतो. हे दोन मापांचें दुकान बंद केल्यावांचून स्नेह्याला मदत करण्याची गोष्टच काढूं नये. परंतु तें बंद केल्यावरही खरा प्रश्न उरतोच. ज्या मित्राच्या तोंडीं ख्रिस्ताचें नांव आहे, पण ज्याच्या घरांत, व्यवहारांत, शब्दांत त्या नांवाची खूण दिसत नाहीं, त्याच्या स्नेह्यानें काय करावें? त्याला सोडावें, सुनवावें, कीं मुकाट्यानें पाहत बसावें?

प्रथम एक भेद पाहिला पाहिजे, कारण तो न पाहिल्यानें पुष्कळ मैत्र्या फुकट मोडल्या आहेत. श्रद्धा आणि आचरण यांची फारकत सर्वत्र एकाच कारणानें होत नाहीं. एकाची श्रद्धा खरी असते, पण स्वभाव किंवा व्यसन त्याला ओढून नेतें. दुसऱ्याची श्रद्धाच मुळीं जन्मानें मिळालेली, कपाटांतल्या लग्नाच्या शालूसारखी. ती वर्षांतून दोनदां बाहेर निघते. आणि तिसरा असा असतो कीं त्याचें आचरण उत्तम, पण त्याच्या मंडळींना वाटतें त्या नमुन्याचें तें नसतें. तो प्रश्न विचारतो, आणि म्हणून त्याला बिघडलेला म्हणतात. या तिघांना एकच औषध देणारा वैद्य आणि तिघांना एकच उपदेश करणारा मित्र सारखेच धोक्याचे.

ख्रिस्ती शास्त्रानेंही या बाबतींत कांहीं सांगून ठेवलें आहे, आणि तें बाहेरच्या स्नेह्यालाही ठाऊक असलेलें बरें. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत चुकलेल्या बंधूशीं कसें वागावें याचा क्रम दिला आहे: आधीं त्याच्याकडे एकट्यानें जाऊन, दोघांतच बोलावें, ऐकलें नाहीं तर एकदोघांना बरोबर घ्यावें, त्यानेंही झालें नाहीं तरच मंडळीपुढें न्यावें. चावडीवर जें सहसा चालतें तें नेमकें याच्या उलट असतें. तेथें आधीं गांवाला कळतें आणि ज्याच्याविषयीं बोलणें चाललें त्याला शेवटीं. त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायांत दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ काढूं पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांतलें मुसळ पाहावयास सांगितलें आहे. रोमन कॅथलिक पंथांत पापनिवेदनाचा विधि आहे; तेथें धर्मगुरूनें ऐकलेली गोष्ट कोणत्याही कारणानें बाहेर काढावयाची नाहीं असा कडक नियम आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा विधि नसला तरी पाळकापाशीं मन मोकळें करण्याची रीत आहे. या धर्मानें पडणारा मनुष्य गृहीत धरलेला आहे. म्हणून चुकलेल्या ख्रिस्ती मित्राला "तूं ख्रिस्तीच नव्हेस" असें सांगणारा त्याला त्याच्या धर्माहूनही कठोर शिक्षा देतो.

आतां या रत्नागिरी जिल्ह्याचेच एक सुपुत्र पाहूं. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं या जिल्ह्यांतील करजगांवचा. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपीय गृहस्थाशीं त्यांचें संभाषण झालें, त्यानें त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें 'ज्ञानोदया'चे संपादक, भक्तिपर कवितेचे धनी, महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाचे भूषण म्हणून ते गाजले. पण घरांत हे गृहस्थ कसे होते, हें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत इतक्या निर्मळपणें लिहून ठेवलें आहे, कीं एखाद्या संताच्या चरित्रांत असें कोठें सांपडावयाचें नाहीं. टिळक शीघ्रकोपी होते. व्यवहार त्यांना ठाऊक नव्हता. हातांत पैसा आला कीं तो घरीं येईलच असें नसे. वाटेंत कोणी गरजू भेटला तर संपला. न सांगतां घर सोडून जाण्याचीही त्यांना खोड होती. दीक्षा घेतल्यानें हा स्वभाव एका रात्रींत पालटला नाहीं. राग यावयाचा, आणि मागाहून पश्चात्तापही व्हावयाचा.

येथें लक्ष्मीबाईंनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. त्यांचें माहेर नाशिकजवळच्या जलालपुरचें. वडील सोंवळ्याच्या बाबतींत इतके टोकाचे, कीं बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. अशा घरची मुलगी, आणि पति ख्रिस्ती झालेला! कांहीं वर्षें त्या निराळ्या राहिल्या. पुढें पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचें पाणी निराळें, चूल निराळी. टिळकांनीं तें चालूं दिलें. नव्या धर्माचा एवढा आवेश असलेला मनुष्य, पण बायकोच्या चुलीवर त्यानें बळजोरी केली नाहीं. रागावरचा ताबा सुटणाऱ्या या माणसाला येथें मात्र धीर धरतां आला, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सरतेशेवटीं जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्याच मनांत उभा राहिला, आणि त्याचें उत्तर त्यांनीं स्वतःच दिलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंनीं टिळकांचे दोष लपविले नाहींत आणि त्या दोषांवरून टिळकांची श्रद्धाही खोटी ठरविली नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवल्या, आणि वर मधूनमधून हंसून घेतलें. मित्राला आधार देऊं पाहणाऱ्यानें शिकावें तें हेंच. जो स्नेही दोष पाहतच नाहीं तो खुशामती होतो; जो दोषाखेरीज कांहीं पाहत नाहीं तो पोलिसांतला शिपाई. लक्ष्मीबाई या दोहोंपैकीं कोणीच नव्हत्या. अर्थात् त्यांना यासाठीं फार सोसावें लागलें, आणि प्रत्येकीनें तसें सोसावें असें कोणीं म्हणूं नये. त्याविषयीं पुढें येईलच.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्यांनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्या भगिनीमंडळांतील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई शास्त्री घराण्यांत वाढलेल्या. संस्कृत मुखोद्गत, वाद करण्याची संवय. त्या प्रत्येक गोष्टीला कां म्हणून विचारीत. त्र्येकत्वाच्या सिद्धान्तावर त्यांना शंका. मांसाहार त्यांनीं पत्करला नाहीं. क्रुसावर लॅटिन शब्द कां, संस्कृत कां नकोत, असाही त्यांचा प्रश्न. जेराल्डिनबाईंना यांत अहंकार दिसला. त्यांची माया खोटी नव्हती. रमाबाईंची लहान मनोरमा त्यांनीं सांभाळली, आणि रमाबाईंचीं पत्रें त्यांनींच जतन करून ठेवलीं, म्हणून तर १९७७ सालीं तीं ग्रंथरूपानें वाचकांच्या हातीं आलीं. परंतु शिष्येनें आधीं आज्ञा पाळावी आणि समज मागाहून येईल, अशी त्यांची समजूत होती. रमाबाईंनीं साफ कळविलें, कीं एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून त्या मोठ्या कष्टानें सुटल्या होत्या. दुसरें जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

याच काळांत चेल्टनहॅम येथील मुलींच्या विद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशींही रमाबाईंचा पत्रव्यवहार चालू होता. बीलबाई स्वतः धर्मनिष्ठ होत्या, आणि शंकेच्या अंधारांतून त्यांनाही जावें लागलें होतें. त्यांनीं रमाबाईंच्या प्रश्नांना उद्धटपणा म्हटलें नाहीं. एवढ्या बुद्धीच्या स्त्रीला गप्प बसविल्यानें ती श्रद्धावान् होणार नाहीं, तिला विचार करण्यास वेळ आणि मोकळीक दिली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. रमाबाईंना उत्तरें लिहिलीं आणि त्यांच्या वतीनें इतरांनाही समजाविलें. दोघी एकाच पंथाच्या, दोघी त्याच स्त्रीचें बरें चिंतणाऱ्या. एकीनें लगाम धरला, दुसरीनें दिवा धरला. रमाबाई दोघींनाही पत्रें लिहीत राहिल्या, पण जेराल्डिनबाईंशीं पत्रांत खटका उडे आणि बीलबाईंच्या पत्रांना विचारपूर्वक उत्तर जाई.

रमाबाईंनीं पुढें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत एक विलक्षण कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें, कीं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हें सांगणारी स्त्री कोण? जिनें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन काढलें, जिनें १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतल्या निराधार मुलींना आणून पुण्याजवळ केडगांवीं मुक्तिसदन वसविलें, जिनें मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, जें तिच्या मृत्यूनंतर १९२४ मध्यें पूर्ण छापून निघालें. अशी स्त्रीही म्हणते कीं मधलीं वर्षें रितीं होतीं. तेव्हां नांव आणि जगणें यांमधलें अंतर गल्लींतल्या दुबळ्या माणसाचेंच असतें असें नाहीं. फरक इतकाच कीं कोणाचें अंतर चार लोकांना दिसतें, कोणाचें त्याचें त्यालाच.

कधीं कधीं हा दोष एका व्यक्तीचा नसून सबंध मंडळीचा असतो. ख्रिस्तापुढें सर्व सारखे असें मानणाऱ्या धर्मांत जात शिरली, ही गोष्ट महाराष्ट्राला आणि गोव्याला नवी नाहीं. गोव्यांतील कांहीं चर्चांच्या बंधुमंडळांत कोणाला घ्यावयाचें हें पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून ठरत आलें. बामण आणि चार्डो हे शब्द बाप्तिस्म्याच्या पाण्यानें धुतले गेले नाहींत. अहमदनगरकडे अस्पृश्य मानलेल्या जातींतून जे लोक ख्रिस्ती झाले त्यांच्यांतही जुने भेद लवकर मिटले नाहींत. टिळकांचें याविषयींचें दुःख खरें होतें. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नांवाची एक मंडळी स्थापण्याचा उद्योग आरंभिला. तींत बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुभावानें एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ सालीं ते वारले आणि तो प्रयोग फार पुढें गेला नाहीं. तरी मंडळीचें वैगुण्य दिसल्यावर टिळकांनीं नुसतें व्याख्यान न देतां आपली चाकरी आणि तिची निश्चिंती पणाला लावली. ख्रिस्ती मित्राला त्याच्या समाजांतल्या जातीवरून टोमणा मारणाऱ्या हिंदूनें मात्र थोडें थांबावें. तो रोग चर्चांत गेला तो कोणाच्या अंगणांतून?

आतां अगदीं रोजच्या व्यवहाराकडे येऊं, कारण बहुतेकांच्या वांट्याला येणारा स्नेही रमाबाई किंवा टिळक नसतो. तो असतो शेजारचा, शाळेपासूनचा सोबती, नाताळांत नेवऱ्यांचें ताट पाठविणारा, आणि अलीकडे संध्याकाळीं दारूच्या गुत्त्याकडे वळणारा. त्याच्याशीं बोलावयाचें तें शुद्धींत असतां, एकांतांत, आणि थोडक्यांत. "अरे, काल तुझा मुलगा दहाच्या सुमारास तुला शोधत आमच्या दारीं आला होता," एवढें सांगणें हजार वचनांहून अधिक आंत जातें, कारण त्यांत आरोप नाहीं, घडलेली गोष्ट आहे. त्याच्या धर्मग्रंथांतलीं वाक्यें त्याच्यावर फेंकूं नयेत; तीं त्याला पाठ आहेत, आणि तीं पाठ असूनही आपण असे, ही टोचणी त्याला आधींच असते. टोचणी लाज झाली कीं माणूस लपतो, आणि लपण्याची पहिली जागा बहुधा गुत्ताच. हें चक्र ठाऊक नसल्यामुळें चांगले हितचिंतकही मित्राला अधिकच आंत ढकलतात.

उलट दुसराही एक प्रमाद आहे. मित्राच्या दयेनें त्याचें खोटें झांकणें, कचेरींत "त्याला ताप आहे" असा निरोप देणें, वाण्याची उधारी परस्पर फेडणें, पुन्हा हातउसने पैसे देणें, हा आधार नव्हे. यानें व्यसनाचा खर्च तेवढा वांटला जातो. मुलांची फी भरावयाची असेल तर ती शाळेंत भरावी, धान्य द्यावयाचें असेल तर घरांत द्यावें. रोख रक्कम मित्राच्या हातीं देऊं नये. हें कठोर वाटतें, पण मैत्रींत एवढा कठोरपणा चालावा.

व्यसन हा केवळ पापाचा विषय नसून शरीराचा आणि मनाचाही आजार आहे, हें वैद्यकानें आतां मान्य केलें आहे. ज्याला रोज पिण्याची संवय जडली आहे त्यानें एकदम सोडल्यास झटके येणें, भ्रम होणें असे गंभीर प्रकार होऊं शकतात. म्हणून "क्रुसाची शपथ घे आणि आजपासून बंद कर" असा आग्रह धरण्यापूर्वीं त्याला डॉक्टरकडे नेलें पाहिजे. अमेरिकेंत ओहायओ संस्थानांतील ॲक्रन गांवीं १९३५ सालीं दोन मद्यासक्त माणसें भेटलीं, एक दलाल आणि एक शस्त्रवैद्य, आणि एकमेकांना सांभाळतां सांभाळतां दोघेही सुटले. त्यांतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संस्था निघाली, जिच्या सभा आज भारतांतही भरतात. तिचें मर्म असें कीं उपदेश करणारा स्वतः त्याच खड्ड्यांतून वर आलेला असतो आणि पुन्हा पडण्याची भीति त्यालाही असते. अशा सभेला मित्राला पहिल्यांदां सोबत करणें, बाहेर बांकावर बसून राहणें, परत येतांना कांहीं न विचारणें, ही मोठी सेवा आहे.

येथें एका बाबतींत मात्र कसलाही संकोच ठेवूं नये. मित्र घरीं बायकोला किंवा मुलांना मारीत असेल, तर स्नेह्याचें पहिलें कर्तव्य मार खाणाऱ्यांकडे आहे, मित्राकडे नव्हे. क्षमा करणें हें ख्रिस्ती धर्मांत मोठें मानलें आहे. पण क्षमेच्या नांवाखालीं एखाद्या स्त्रीला मार खात राहावयास सांगणें हा त्या शब्दाचा दुरुपयोग आहे, मग सांगणारा पाळक असो, धर्मगुरु असो वा सासू असो. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे, आणि त्याखालीं संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तिला तेथवर पोंचविणें, रात्रीं आसरा देणें, आणि तरीही मित्राला "तुझ्याशीं बोलणें बंद केलेलें नाहीं" असें कळविणें, या गोष्टी एकत्र करतां येतात. अवघड आहेत, पण येतात.

बाहेरच्या धर्माच्या स्नेह्याला एक विशेष पथ्य आहे. ख्रिस्ती मित्राचें पतन हें वादांत वापरण्याचें हत्यार नव्हे. धर्मांतराचा वाद पेटला म्हणजे अशा माणसाचें नांव पुढें केलें जातें, आणि त्याच्या सुधारणेपेक्षां त्याच्या चुकीवरच लोकांचा डोळा राहतो. टिळकांच्या घराचा दाखला येथें उपयोगी पडतो. बालकवि त्र्यंबक बापूजी ठोमरे हे तरुण कवि त्यांच्या घरांत मुलासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले. त्या घरानें त्यांना जेवूं घातलें, रागें भरलें, जपलें. धर्माचा हिशेब मांडला नाहीं. ख्रिस्ती घरानें हिंदु मुलाशीं जें केलें तेंच हिंदु घराला ख्रिस्ती मित्राशीं करतां येतें.

मित्राच्या स्वतःच्या मंडळींतला कोणी विश्वासू मनुष्य असेल, तर मित्राची संमति घेऊन त्याच्याशीं बोलावें; संमतीवांचून धर्मगुरूपर्यंत गोष्ट नेणें म्हणजे चहाडीच. आणि संमति मिळाली नाहीं, मित्रानें दार लावून घेतलें, तर? तर दार पुनःपुन्हा ठोठावूं नये. पण महिन्यांतून एकदां, ठरलेल्या वारीं, कांहीं निमित्त काढून जावें: आंब्याची पेटी, मुलाच्या परीक्षेची चौकशी, पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळण्याचें काम. दिवाळीचा फराळ नेहमींप्रमाणें धाडावा, आणि नाताळांत त्याच्याकडून ताट आलें नाहीं तरी त्याची विचारपूस करूं नये. कौलें चाळतांना दोन माणसें तासभर शेजारीं शेजारीं बसतात, तोंडें एकमेकांकडे नसतात, आणि ज्याला बोलावयाचें असतें तो अशाच वेळीं बोलतो.